पाच कोंबड्या आणि अभेद्य कुंपण

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.
बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून ही तिकडे गेली. रविवारी परत. जाताना परसातल्या कोंबड्या माझ्यासमोर मोजल्या. पाच. सहावी परवा कोल्ह्याने नेली. दोन पिसं तेवढी उरली. "पाच मोजून देतेय, पाच मोजून घेईन," असं बजावून गेली. लंगडीला तर पोटाशी धरलं. पिल्लू असताना तिचा मोडलेला पाय हिनेच आइस्क्रीमची काडी बांधून जोडला होता. माझा खांदा निखळला तेव्हा मलमावर भागलं.

संकल्प: आठवडाभरात अभेद्य कुंपण. कोल्हा म्हणजे शेवटी एक मध्यम आकाराचा प्राणी. मी एकतीस वर्षं नववीला संस्कृत शिकवलं आहे.

सायं. ६.४०. परसात काहीतरी सरसरलं. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. भीती नव्हे. हवेत गारवा होता.

४ मार्च. सकाळी.
खुराड्याभोवती पावलांचे ठसे. जवळून पाहणार होतो, पण पुरावा तुडवला जाऊ नये म्हणून पायरीवरूनच पाहिले. सासूबाई (वय एक्क्याऐंशी, मुक्काम आमच्याकडेच) चहा पिता पिता म्हणाल्या, "जावईबापू, तो लाकडांचा ढीग आधी हलवा. तिथून वास मारतोय." वास गटाराचा आहे, असं मी सांगितलं. गटार घराच्या पुढे आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. वयोमानाने दिशांचा घोटाळा होतो.

ढीग हलवायला माझी हरकत नव्हती. पण कंबर.

५ मार्च.
वेल्डर आला. मी बारीक षटकोनी जाळी सुचवली. तो म्हणाला, "सर, ती कोंबडीला आत ठेवते. कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. दाताने फाडतो तो." मी त्याची परीक्षा पाहत होतो. जाड वेल्डमेश ठरली: सहा फूट उंच, तळाशी दोन फूट बाहेर वळवून मातीत पुरलेली. उकरणाऱ्याच्या नखाला जाळीच लागावी. शिवाय खुराड्याला नवं दार. कडी आपोआप बसते, उघडते फक्त बाहेरून. आतून उघडायला काही नको का, असं त्याने विचारलं. कोंबड्यांना कुठे बाहेरगावी जायचंय, असं मी म्हटलं. तो हसला. विनोद त्यालाही कळला.

मग ढीग कुंपणाच्या आत की बाहेर, असं त्याने विचारलं. बाहेर काढायचा तर आधी उपसावा लागेल. मी पायरीवरूनच सांगितलं, राहू दे आत. तेवढ्यात ढिगात दोन ठिपके चमकले. बहुधा खिळे. खिळे मिटत नाहीत हे खरं; पण संध्याकाळचं ऊन फसवं असतं.

६ मार्च.
कुंपण पूर्ण. फाटकाला कुलूप. हिला फोनवर सांगितलं, मुंगी शिरणार नाही. "लंगडी खाते का?" मी खातो का, हा विषय निघाला नाही.

सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचा आत येणार नाही, ते दिसतंय. आतल्याचं काय?" षड्रिपूंविषयी बोलत असाव्यात. या वयात होतं असं.

८ मार्च. सकाळी ७.
तांबडी गेली. उरल्या चार.
पुढच्या दाराने निघून कुंपणाला बाहेरून पूर्ण फेरी मारली. कुठे उकर नाही, एक तार तुटलेली नाही. म्हणजे कुंपण यशस्वी आहे. तांबडी स्वेच्छेने गेली असणार, मुळातच उडाणटप्पू. काल संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला मी उतरलो नाही. एवढं कुंपण असताना ते संशयीपणाचं दिसलं असतं.
अक्षर हललं आहे ते टेबलामुळे.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.१०.
पेन्सिलीने लिहितो आहे. स्थळ: खुराडं.

ही पाचला येणार, म्हणून दाणे टाकायला उतरलो. ढिगाखालून तो निघाला. वाळलेला, पिवळ्या डोळ्यांचा. आधी जाळीलगत धावला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. वाट नाही. मग माझ्याकडे वळला. पायरी आणि मी यांच्यामध्ये तो. तीन कोंबड्या झाडावर गेल्या. लंगडीला उडता येत नाही. तिला मी उचललं, की ती आधीच माझ्या बगलेत होती, आठवत नाही. खुराड्यात शिरलो. मागे कडी बसली.

तो पाच पावलांवर बसला आहे. तीन दिवस मी त्याला कोंडून ठेवलं होतं. तो थरथरतो आहे. लंगडीचं काळीज माझ्या तळहातावर धडधडतं आहे. आज गारवा नाही. लिहून ठेवतो: मी घाबरलो आहे.

४.३५.
सासूबाई काठी टेकत पायऱ्या उतरल्या. त्याच्या शेजारून चालत गेल्या, फाटकाचं कुलूप काढलं, फाटक सताड उघडून बाजूला उभ्या राहिल्या. "जा बाबा." तो गेला. एवढंच होतं. त्यांनी फाटक पुन्हा लावलं. मी कडीकडे बोट दाखवलं. "थांबा, जावईबापू. येतेच आहे ती. तिला मोजून घेऊ दे."

५.२०.
ही आली. झाडावरच्या तीन खाली उतरल्या होत्या. बोटाने मोजलं. माझ्या मांडीवर लंगडी, चार. "पाचवी?"
सासूबाईंनी काठी खुराड्याकडे केली. "ती काय, बसलीय."

हिने वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दार उघडलं, लंगडीला उचललं, तिचा पाय चाचपून पाहिला आणि तिला घेऊन घरात गेली.

दार आपोआप बसलं. कडी उत्तम आहे.