डाव्या फळीवरचा कोट

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं हं करते, म्हणून पत्र लिही म्हणालीस. लिहिते. कागदावर तू मध्येच बोलू शकत नाहीस, एवढी तरी सोय आहे.

तुझं ऐकलं. लाँड्री शेजारचा औषधवाला घेतो म्हणाला. महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या आणि तुझ्याकडे राहायला यायचं. नक्की ना, असं त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हं म्हटलं.

ह्यांचं कपाट रिकामं केलं. आमच्या मंडळाचं कामच ते, तुला ठाऊक आहे. कुणी गेलं की घरच्यांना कपाट उघडवत नाही. मग आम्ही दोघीतिघी जाऊन कपडे आणतो, मी ते लाँड्रीत धुते, उसवलेलं शिवते, आणि गरज असेल त्याच्याकडे ते पोचतात. इतकी वर्षं लोकांची कपाटं उघडली, घरचं एका दुपारीत झालं. सगळ्या म्हणाल्या, किती धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा. मी घड्या घालत होते आणि मनात एवढंच, की या शर्टाची कॉलर उलटवायला हवी.

परवा इस्त्री मनगटाला टेकली. काउंटरवरच्या मुलीने हात ओढला तेव्हा कळलं. मोठा फोड आला आहे. दुखत नाही.

तुझी गुडघेदुखी कशी आहे? लोभ आहे तसा राहू दे.

तुझी,
धाकटी


९ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक उ. आ.

फोड डॉक्टरला दाखव. दुखत नाही म्हणून दाखवत नाही, हे शहाणपण तुझ्यापाशीच ठेव. दुखत नाही म्हणूनच दाखव.

जन्मभर व्यासपीठावरून मी एकच सांगत आले. बाई घरात राबली की ती तिची माया, दुकानात राबली की घराला हातभार, गावासाठी राबली की हौस. तिच्या श्रमाला श्रम म्हणायची जीभ अजून कुणाला फुटलेली नाही. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन बायकोकडे चहा मागायचे. तू तर माझ्या एकाही सभेला आली नाहीस, दुकान उघडं ठेवायचं होतं म्हणून. आता ते बंद कर. गावाने तुला धीराची म्हणून मोकळं केलं, म्हणजे स्वतः मोकळं झालं.

मागची खोली रंगवून घेतली आहे. रंग तुला आवडणार नाही. येऊन भांड, पण ये. तुझे मास्तर असते तर म्हणाले असते, थोरल्या बाईंचं गणित कच्चं असलं तरी आवाज पक्का आहे. त्यांच्या तोंडचं ते वाक्य ऐकायला कान आसुसलेत गं.

गुडघे आहेत तिथेच आहेत. उत्तर लिही, हं पाठवू नकोस.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरने मलम दिलं.

एक चूक झाली आहे. ह्यांचा तपकिरी कोट चौकातल्या चावीवाल्याच्या अंगावर आहे.

मंडळाचा नियम मीच केलेला. आपल्या गावचे कपडे आपल्या गावात वाटायचे नाहीत. ते उजव्या फळीवर ठेवायचे, शेजारच्या गावी जातात. तिथून आलेले डाव्या फळीवर, ते इथे वाटायचे. गेलेल्या माणसाचा सदरा समोरून चालत आला, तर घरच्यांनी बघायचं कुठे? म्हणून हा नियम.

ह्यांचं बाकी सगळं नीट उजवीकडे गेलं. कोट मात्र शेवटी इस्त्री केला आणि डावीकडे ठेवला. ह्यांचे कपडे मी कायम डाव्या फळीच्या टोकाला ठेवायचे, संध्याकाळी घरी न्यायला. डोकं जागेवर नव्हतं, हात मात्र जागेवर होता.

गावभर झालं आहे. चावीवाल्याला पाठमोरा बघून मास्तरांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी सिगारेटी विझवल्या म्हणे. दुकानातल्या मुली हसल्या, मीही हसले असते. मी त्याच्यासमोरून रोज जाते. कोट दिसतो, आणि मनात येतं, कोट आहे.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई फार शरमल्या आहेत. त्याला नवं जाकीट देऊन कोट परत आणायचा म्हणतात. मला विचारलं. मी हं म्हटलं.

सामान बांधायला अजून सुरुवात नाही. माया असू दे.

तुझी,
धाकटी


१९ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

थांबव त्यांना. आजच्या आज.

दिलेला कपडा भर चौकात माणसाच्या अंगावरून उतरवायचा आणि वर त्याला जाकीट दिलं म्हणून पाठ थोपटून घ्यायची? थंडी त्याला वाजते आणि शरम अध्यक्षीणबाईंना वाटते, हा कुठला न्याय? तुझ्या दुःखाचं निमित्त करून कुणी गरिबाचा अपमान करणार असेल, तर ते तुझं दुःख राहिलंच नाही, ती गावाची मिरवणूक झाली. मास्तरांनी वर्गात कुणाला अंगठे धरून उभं केलं नाही. त्यांच्या कोटापायी कुणी मान खाली घालू नये.

झालं माझं भाषण. आता बहीण म्हणून विचारते. तुला तो कोट हवा आहे का? हवा असेल तर मी माझे शब्द गिळीन. पण हं म्हणू नकोस. हो म्हण, नाही तर नाही म्हण.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच कोट काउंटरवर आला होता. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, तुमचं तुम्हाला. चावीवाल्याने तो उतरवून दिला. जाकीट घेतलं नाही, मापाचं नाही म्हणाला. ते मापाचं होतं, मी पाहिलं.

सकाळी तो नुसत्या शर्टावर, हात काखेत घालून बसला होता.

तुझं पत्र वाचून मी कोट धुवायला घेतला. दुसरं काही सुचेना. धुण्याआधी खिसे तपासायचे, ही सवय. ह्यांच्या डाव्या खिशात कायम खडूचा तुकडा. मी खडूसाठीच हात घातला. निघाला लोखंडाचा कीस आणि अर्धं बिस्कीट. ताई, मी तिथेच खाली बसले. काउंटरवरची मुलगी पाणी घेऊन धावली. रडत नव्हते.

मग कोट धुतला, वाळवला. आमच्याकडे घरचे कपडे बिनखुणेचे असतात, गिऱ्हाइकाच्या कॉलरीत आतून लाल दोऱ्याची खूण घालतो. ह्यांच्या कोटाला कधी खूण नव्हती. मी घातली. छोटी किल्ली काढली, टाक्यांत जरा वाकडीच आली. निम्मी झाली तेव्हा मनगट ठणकायला लागलं. इतक्या दिवसांनी. मलम लावलं तरी राहिना. खूण पुरी होईपर्यंत पुढचं काही दिसत नव्हतं, चाचपडत शिवलं.

कोट त्याला नेऊन दिला. तो म्हणाला, काकू, मास्तरांचा आहे हे पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यांच्या वर्गात दोनदा नापास झालो. परत करायला निघालो होतो, पण ऊब लागली आणि राहून गेलं. अंगात घातला की पाढे आठवतात, तेही चुकीचे. मी म्हटलं, तेराचा म्हणून दाखव. त्याने म्हटला. चुकीचाच होता.

कॉलर दर पंधरवड्याला धुवायची, घाम मुरला की कापड जातं, हे त्याला बजावलं. येतो म्हणाला. आता त्याची खूण आमच्याकडे आहे, तेव्हा त्याच्यासाठी दुकान उघडं असायला हवं. तिथून निघून थेट औषधवाल्याला नाही म्हणून आले. तो म्हणाला, पाटी रंगवायला टाकली आहे. मी म्हटलं, तुमच्या दुसऱ्या भिंतीला लावा.

तू विचारलंस, कोट हवा होता का. हो. हवा होता.

रंगवलेल्या खोलीत आत्ता तूच झोप, मग कुलूप लाव आणि थोडे दिवस इकडे ये. माझं बोलून झालेलं नाही, आणि फोनवर जमणार नाही. तुला भाषण करायचं तर काउंटरसमोर जागा आहे, गिऱ्हाईक हलकं असतं दुपारी.

लोभ घेऊन यावं, आणि लाल दोऱ्याची रिळं आणावीत. इथली संपत आली आहेत.

तुझी,
धाकटी