बटेरांची गादी

१४ जुलै, सोमवार
नजमा खालांनी आज आमच्या बाजूची खिडकी लावून घेतली. शेजारी राहायला आल्यापासून पहिल्यांदाच. "बेटा, तुह्या बटेरांच्या वासानं घास गिळून नाही राह्यला," म्हणाल्या. लागलं मनाला. येत्या रविवारी त्यांच्या लेकीची, शाहीनची मंगनी. पाहुणे महागावचे. मंडप त्यांच्या अंगणात, आमच्या खुराड्याला लागूनच.
विनोद जेवताना: "वास गेला तं ठीक. नाही तं शनिवारी बाजारात नेतो सारे." नवरा आहे की तहसीलदार! बटेर माझे आहेत. अंडी आता कुठे सुरू झालीत. नेऊ देणार नाही.

१५, मंगळ.
पावसाची झड थांबेना. खुराड्यात अंथरलेला कापूस पिळून पाहिला तर पाणी निघालं. जिनिंगमधला टाकाऊ कापूस. फुकट मिळाला आणि पाखरांना मऊ गादी होईल म्हणून मीच हौसेने घातला. लाड नडले. कापूस पाणी पितो आणि सोडत नाही, वर पाखरांच्या बोटांत गुंततो. पण काढला तर खाली घालू काय? तोवर विनोद म्हणतो म्हणून वरून चुना भुरभुरवला.

१६, बुध.
चुन्याने घात केला. ओल्या विष्ठेवर पडला आणि वास दुप्पट, डोळे चुरचुरतात. अंडी उचलायला वाकले तर जमिनीलगत श्वास घेववेना. मी उभी असते, ही पाखरं मात्र कायम तिथेच. रडूच आलं. मग राग आला, स्वतःचाच.
सगळं खरवडून मागच्या खड्ड्यात पुरलं.

१७, गुरु.
सुताराकडून रंध्याखाली निघणारी लाकडाची साल आणली, प्लास्टिकमध्ये झाकून. कोरडी ठणठणीत. जाड थर दिला.
आणि दुपारी बसून पाहिलं तेव्हा चोर सापडला. पाखरं पितात कमी, उडवतात जास्त. सगळी ओल पाण्याच्या भांड्याभोवती. भांडं आता जाळीवर, जाळीखाली परात. लग्नातली आहे. विनोदला अजून दिसली नाही.

१९, शनि.
रोज साल उलथते. ओली दिसली की तेवढी उचलून बाहेर.
मला वास येत नाही. पण माझ्या नाकाचा काय भरवसा, सरावलंय ते. म्हणून खालांनाच हाक मारली. ओढणी नाकाला लावून आत आल्या. जरा वेळाने ओढणी खाली घेतली. "आता पाखरायचा वास येते. परवापरेंत मुताचा येत होता."
विनोद दारात उभा होता. बाजाराचं नाव काढलं नाही त्याने. परात मात्र दिसली.

२०, रवि., सकाळी
पुन्हा झड. खालांच्या अंगणात पाणी साचलंय, मंडपाचं कापड गळतंय. खाला भिजत दारात आल्या. "बेटा, पोराकडच्या चार मानसायले तुह्या टिनाखाली बसवू काय?"
टिन म्हणजे खुराड्याचंच पत्र्याचं छप्पर. पाखरांपासून हातभर अंतर. धाकधूक झाली, पण "बसवा" म्हणाले. विनोदने माझ्याकडे पाहिलं आणि खुर्च्या आणायला गेला.
डाव्या कोपऱ्यात रात्रीतून ओल धरली आहे. तेवढी साल बदलून घेते.
गल्लीत गाडी थांबली. खालांनी आमच्या बाजूची खिडकी उघडून हाक मारली, "आले वो!"