बहीण खाली चहा घेतेय

सोमवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ठमे,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गाडी शिकवायचा क्लास बंद केला, त्यामुळे हल्ली वेळच वेळ. तुझे गुडघे काय म्हणतात? फोनच केला असता, पण तू उचलला नसतास.

आता ‘ठीक’ म्हणजे काय ते सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा कॅन्सर झाला, तो तुला कळवला नव्हता. आता तो डोक्यात पोचलाय. एकच गाठ, पण चांगली लिंबाएवढी. एका शिकाऊ बाईंच्या शेजारी बसलो असताना फिटचा झटका आला. बिचारीने ब्रेक मात्र वेळेवर मारला, म्हणजे शिकवणी वाया गेली नाही.

जागा अडचणीची, म्हणून ऑपरेशन नको म्हणाले. रेडिओसर्जरी करणार. नाव सर्जरी, पण सुरी नाही. नेमके गाठीवरच किरण सोडतात. लहान गाठ एका बैठकीत उरकते. माझी मोठी, म्हणून डोस तीन बैठकांत वाटलाय, नाहीतर आजूबाजूचा मेंदू सुजतो. डोकं तसूभर हलू नये म्हणून चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेली प्लास्टिकची जाळी दाबून मुखवटा बनवतात आणि तो टेबलाला अडकवतात.

तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली. टेक्निशियन बाईंनी विचारलं, “कवळी आहे का?” मी म्हटलं, “छे! सगळे माझेच दात.” आज पहिला डोस होता. ऐन वेळी खोकला आला, कवळी निसटली आणि बिंग फुटलं. ती काढून पाहिलं तर मुखवटा गालांवर ढिला. “काका, आधी सांगायचं ना!” आता पुन्हा मुखवटा, पुन्हा स्कॅन. डोस पुढच्या सोमवारी.

बाहेर बाकावर दोन तास बसलो. फजिती ऐकून हसायलाही कोणी नव्हतं.

दुसरी थाप अजून पकडली गेलेली नाही. “सोबत कोण?” विचारल्यावर म्हणालो, “बहीण. खाली चहा घेतेय.” फॉर्मवर तुझं नाव लिहून मोकळा झालो. पण पुढच्या खेपेला घरी न्यायला माणूस समोर दिसल्याशिवाय डोस देणारच नाही, असं त्यांनी बजावलंय.

ठमे, भावोजी शेवटचे आजारी असताना मी तुला सांगितलं तसा बाहेरगावी नव्हतो. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत आलो होतो. तू पायऱ्यांवर एकटीच बसली होतीस. मला भीती वाटली गं. मी गाडी वळवली. सहा वर्षं बोलली नाहीस, बरोबरच केलंस.

सोमवारी सकाळी नऊ वाजता. हॉस्पिटलचा पत्ता मागे लिहिलाय. नाही आलीस तरी रागावणार नाही. तो हक्क मी तेव्हाच घालवला. पण फॉर्मवरचं तुझं नाव माझ्याने खोडवत नाही. दुसरं लिहायला कोणी नाही.

तुझा,
फाटकातून परत गेलेला
दादा