पप्पा, मी खरं बोलले होते

प्रिय पप्पा,

मागच्या आठवड्यात शाळेतून आताच्या मुख्य सिस्टरांचा फोन आला. यंदाच्या वार्षिक अंकात तुमच्यावर दोन पानं हवीत आणि ती तुमच्या मुलीनेच लिहावीत, असं स्टाफचं म्हणणं आहे. मथळासुद्धा त्यांनी ठरवून टाकलाय, ‘सत्यप्रिय साळवे सर’. मी फोनवर हो म्हणून बसले. मग कागद पुढे ओढला, तुमचं गाव लिहिलं, शाळेत तेवीस वर्षं मराठी आणि धर्मशिक्षण शिकवलंत तेही लिहिलं. पुढे हात चालेना.

मला जे सांगायचंय ते शाळेतल्या मुलींना नाही, तुम्हाला सांगायचंय. आणि परवा, तुम्ही गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिस्सेला, त्या प्रार्थनेला, जे झालं, त्यानंतर तर आता गप्प बसवत नाही.

यमुना आठवते ना? हा प्रश्न मी किती वर्षं जिभेवर धरून ठेवला होता, तुम्हाला कल्पना नसेल. आठवीत माझ्या बाकावर बसायची. सुरगाण्याकडची, शाळेच्याच होस्टेलमध्ये राहायची. ख्रिस्ती नव्हती, पण रोझरी, ती माळेवरची प्रार्थना, आम्हा सगळ्यांपेक्षा चोख म्हणायची. सुट्टीहून परत आली की अंगणातल्या ग्रोटोत, त्या दगडी गुहेत, मारियामातेच्या पायाशी मूठभर करवंदं ठेवायची. मी हसले तर म्हणाली, एवढ्या लांबून आणलीत, मग तिला नको द्यायला? तुम्हाला ते फार आवडलं होतं. धर्मशिक्षणाच्या तासाला तुम्ही वर्गात सांगितलंत, श्रद्धा शिकायची असेल तर यमुनाकडून शिका. त्या दिवशी ती बाकावर इतकी ताठ बसली होती!

मारियामातेच्या सणाची आदली संध्याकाळ. ग्रोटो सजवायचं काम तुम्ही मागून घेतलं होतंत. दुपारी आपण दोघं पंचवटीत जाऊन झेंडू आणि निशिगंध घेऊन आलो. तेव्हाच्या मुख्य सिस्टरांनी तुम्हाला बजावलं होतं की मूर्ती जुनी आहे, जागेवरून हलवू नका, भोवतीच सजवा. होस्टेलच्या मुली प्रार्थनेला आत गेल्या होत्या, अंगणात आपण दोघंच. मागे निळं कापड लावताना मूर्ती जरा पुढे घेऊ म्हणालात. स्टुलावर उभे राहून तुम्ही ती दोन्ही हातांनी उचललीत, आणि पावसाने ओली होती म्हणून निसटली. मान तुटली, एक हात तुटला. मी खाली फुलांची टोपली धरून उभी होते.

तुम्ही स्टुलावरून खाली उतरलात. मी म्हटलं, सिस्टरांना सांगू या ना. तुम्ही म्हणालात, उद्या सांगतो, तू कुणाला काही बोलू नकोस. पाऊस आला म्हणून आपण निघालो. सायकलवर मी मागे बसले होते आणि मला तुमचीच काळजी वाटत होती, पप्पा. मूर्तीची नाही.

सकाळी अंगण झाडायची पाळी यमुनाची. तिला ते तुकडे दिसले. ते तसेच पडलेले तिला बघवेनात, म्हणून ती ओच्यात गोळा करत होती, आणि नेमक्या तेव्हाच सिस्टर बाहेर आल्या.

सणाचा दिवस, सगळी शाळा रडवेली. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, मी गेलो तेव्हा सगळं नीट होतं. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर नको म्हणून असं बोलले असतील, नंतर एकटे जाऊन सांगतील. दिवसभर मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.

यमुनाला सिस्टर म्हणाल्या, कबूल कर, मी तुला माफ करते. आता विचार करते तर वाटतं, त्यांच्या परीने त्या चांगलंच वागत होत्या. पण यमुना म्हणत राहिली, मी नाही तोडली. मूर्तीपेक्षा खोटं बोलण्याचा सिस्टरांना जास्त राग आला. तिच्या वडिलांना निरोप गेला, येऊन मुलीला घेऊन जा.

त्या दोन दिवसांत मी जेवले नाही. मम्मीला सांगितलं तर तिने आधी दार लावून घेतलं. म्हणाली, पप्पांची कायम झाल्याची ऑर्डर यायची आहे, ती येऊ दे, मग बघू. म्हणजे तिलाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि होस्टेलमध्ये यमुना एकटी पेटी भरत होती.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी ऑफिसात गेले. सिस्टरांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं. मी सांगितलं, मूर्ती पप्पांच्या हातून पडली, मी तिथे होते. मुद्दाम नाही पडली हेही सांगितलं. सिस्टरांनी तुम्हाला बोलावून घेतलं.

तुम्ही आत आलात, मला पाहिलंत. सिस्टरांनी माझं म्हणणं तुम्हाला सांगितलं आणि विचारलं, खरं आहे का?

तुम्ही हसलात. अगदी साधं, बापाचं हसणं. म्हणालात, “सिस्टर, हिला गोष्टी रचायची सवय आहे. मैत्रीण जाणार म्हणून करतेय.”

मला वाटत होतं, आता पुढचं वाक्य येईल. आलं नाही. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “सॉरी म्हण सिस्टरांना.”

पप्पा, मी सॉरी म्हटलं.

तुम्ही घाबरला होतात, हे मला आज कळतं. सेहेचाळीस वर्षांची आहे मी, नोकरीची भीती काय असते ते मलाही ठाऊक आहे. त्या मूर्तीसाठी तुम्हाला कुणी काढून टाकलं असतं का, मला नाही वाटत. पण तुम्हाला वाटलं असेल, ते मी समजू शकते. मला समजत नाही ते त्यानंतरचं. त्या शनिवारी तुम्ही मला चर्चमध्ये कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला, का नेलंत? सिस्टरांनी सुचवलं होतं म्हणून? की तुम्हाला स्वतःलाच तोपर्यंत पटायला लागलं होतं?

जाळीपलीकडे फादर होते. बाहेर बाकावर तुम्ही गुडघे टेकून बसला होतात. मी काय सांगणार होते? मी म्हटलं, मी खोटं बोलले. फादरांनी प्रेमाने समजावलं आणि प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मारिया प्रार्थना म्हणायला सांगितल्या. मी म्हटल्या. तुमच्या शेजारी गुडघे टेकून म्हटल्या. आयुष्यातलं माझं पहिलं मोठं खोटं मी कन्फेशनमध्ये बोलले, पप्पा, आणि ते तुम्ही बोलायला लावलंत.

सोमवारी यमुनाचे वडील आले. सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आले असावेत, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायांत चिखल. सिस्टरांनी त्यांना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, अजूनही तिने कबूल केलं तर ठेवून घेते. आम्ही मुली खिडकीशी गर्दी करून होतो. त्यांनी यमुनाला काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, “माझी पोर खोटं नाय बोलत. मी नेतो तिला.” पेटी खांद्यावर घेतली आणि निघाले. यमुनाने जाताना माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

त्यांच्या मागे धावत जावं आणि म्हणावं, मलाही घेऊन चला, असं मला वाटलं होतं. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तुमची ऑर्डर दिवाळीनंतर आली. नवी मूर्ती नाताळात. पुढच्या वर्षी धर्मशिक्षणाच्या तासाला तुम्ही आम्हाला आठवी आज्ञा शिकवलीत, खोट्या साक्षीची. फार छान शिकवलीत. मी वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढत बसले आणि परीक्षेत त्या प्रश्नाला तुम्ही मला पैकीच्या पैकी दिलेत.

कॉलेजला गेल्यावर मी कम्युनियन, मिस्सेतला तो पवित्र प्रसाद, घेणं सोडलं. मिस्सेला यायचे, पण रांगेत जायचे नाही. तुम्हाला ते लागायचं. लोक विचारतात, असं म्हणायचात. एकदा म्हणालात, तुझी श्रद्धा गेली कुठे, मनू? माझी श्रद्धा गेली नव्हती हो. देवाशी मी रोज बोलत होते. फक्त तुमच्या शेजारी गुडघे टेकून बोलणं मला जमत नव्हतं. लग्न होऊन सटाण्याला गेले, तिथे मागच्या बाकावर एकटी बसायला लागले, तेव्हा कुठे एका रविवारी आपोआप रांगेत जाऊन उभी राहिले.

तिथल्या शाळेत मी शिकवते. काही फुटलं, काही हरवलं की एखादी पोर येऊन तिथल्या बोलीत म्हणते, “मनी चूक नही शे, बाई.” मी आधी विश्वास ठेवते. कधीकधी फसते. सहकारी हसतात, मुली तुम्हाला गुंडाळतात म्हणतात. गुंडाळू देत.

आता माझी चूक सांगते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात, दुपारी मम्मी घरी गेली होती. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही म्हणालात, “मनू, ती मूर्ती...” आणि थांबलात. मला पुढचं कळलं होतं. मला ते ऐकायचं होतं, तेहेतीस वर्षं ऐकायचं होतं. आणि मी काय म्हटलं? “पप्पा, आराम करा. बोलू नका.” नर्ससारखं, गोड आवाजात. तुम्ही डोळे मिटलेत. तुम्हाला धाप लागली होती म्हणून थांबवलं, असं मी सगळ्यांना सांगू शकते. खरं कारण तसं नव्हतं. तुम्ही माझं तोंड बंद केलं होतंत, मला तुमचं करायचं होतं. त्याची मला लाज वाटते.

परवा महिन्याची मिस्सा झाली. मम्मीने तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर निरोप पाठवला होता. चर्च भरलं होतं, तुमच्या कितीतरी विद्यार्थिनी आल्या होत्या. मिस्सा संपल्यावर फाटकापाशी एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मनीषा ना? मी यमुना.

ती तिच्याच गावात अंगणवाडी चालवते. इथून गेल्यावर आश्रमशाळेत दहावी झाली. दोन मुलगे आहेत. हे सगळं ती माझा हात धरून सांगत होती. तिचा नंबर तुमच्या फोनमध्ये कसा, एवढंच मी विचारलं.

ती म्हणाली, “सर आले होते की आमच्याकडं. बारा वर्षं झाली.”

रिटायर झालात त्याच पावसाळ्यात तुम्ही सुरगाण्याला गेला होतात. आम्हाला म्हणाला होतात की इगतपुरीला जुन्या मित्राकडे जातोय. यमुनाच्या ओट्यावर बसून तुम्ही तिला आणि तिच्या वडिलांना सगळं सांगितलंत. हात जोडलेत. रडलात. त्यांनी तुम्हाला जेवू घातलं. त्यानंतर दर नाताळला तुम्ही तिला फोन करायचात.

म्हणजे तुमच्यात तेवढं धैर्य होतं! पावणेदोनशे किलोमीटर जाऊन-येऊन एका परक्या माणसापुढे हात जोडता आले तुम्हाला. माझी खोली तर शेजारीच असायची. मी दर मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहत होते, पप्पा. सकाळचा चहा आपण दोघं एकत्र घ्यायचो. बारा वर्षांत एक सकाळ नाही मिळाली?

यमुना म्हणाली, तिच्या वडिलांनी तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. “तुमच्या पोरीला सांगितलं का?” तुम्ही मान हलवलीत. अजून नाही, पण सांगेन, असं कबूल केलंत. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. अजूनही मधूनच यमुनाला विचारतात, त्या सरांनी पोरीला सांगितलं का गं?

मग यमुनाने मला विचारलं, “सांगितलं ना सरांनी तुला?”

मागे मम्मी उभी होती. तुमच्या विद्यार्थिनी उभ्या होत्या. मी म्हटलं, “हो. सांगितलं.”

यमुनाचा चेहरा असा निवला! म्हणाली, बरं झालं, आज बाबांना सांगते.

ती गेल्यावर मी गाडीत बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही अशी रडले नव्हते. माझी आठवण ठेवणारा तो एक माणूस, आणि त्याच्या प्रश्नाचं मी खोटं उत्तर दिलं. तुमची अब्रू राखायला. ऑफिसात तुम्ही माझ्याबद्दल जे म्हणाला होतात ना, ते मी परवा खरं करून दाखवलं.

सिस्टरांना मी आज कळवलं, तो मथळा काढलात तरच लिहीन. लिहीन तेव्हा तुम्ही मराठी किती सुंदर शिकवायचात ते लिहीन, मूर्तीचंही लिहीन. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुमच्यावर माझा राग आहे, आणि सकाळी चहाला दोन कप काढले की तुमची इतकी आठवण येते की तो राग कुठे ठेवू कळत नाही. दोन्ही राहणार बहुतेक.

पण एक शब्द देते. येत्या रविवारी पहिल्या एसटीने मी सुरगाण्याला जाणार आहे. यमुनाच्या वडिलांसमोर बसून सांगणार आहे की नाही, बाबा, सांगितलं नाही त्यांनी. शेवटी बोलू पाहत होते, मीच बोलू दिलं नाही.

तुम्हाला कसं वाटेल याचा विचार मी केलाय. तरीही जाणार आहे.

तुमचीच,
मनू