बायच्या वाट्याचे चणे

भुईगाव, वसई
२४ एप्रिल

प्रिय सालोमीबाय,

सॅन्टनचा जय येशू. (मायना काय लिहावा यावर सकाळ गेली. सदतीस वर्षं शाळेत मुलांना मायने शिकवले, पण न बोलणाऱ्या थोरल्या बहिणीचा मायना कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही.) माहेरचं पाकीट बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, कोणी गेलेलं नाही. आई आहे, शहाऐंशीची आहे, पेज मागून घेते. मी आहे, माझी बायको जीना आहे, आमची लेक जोआना आहे. गेलेली फक्त तू आहेस, आणि तीसुद्धा टीव्हीवर. त्याचाच खुलासा करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तुझे गुडघे कसे आहेत? (आपल्या घरात साठीनंतर दुसरं काही विचारत नाहीत.) परेश भाऊजींनाही नमस्कार सांग. त्यांना भाऊजी म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा त्यांनी ते सांभाळून घ्यावं. कोल्हापुरात आता उन्हाळा बरा असेल. इथे विहिरीनं तळ दाखवलाय आणि राजेळी केळीचे दोन घड उन्हानं काळे पडले.

आता मूळ गोष्ट. आईला दोन वर्षांपासून विसर पडायला लागला. सुरुवातीला चष्मा, मग वार, मग माणसं. जीनाला ती 'सिस्टर' म्हणते आणि दवाखाना कधी बंद होतो ते विचारते. मला 'मास्तर' म्हणते, अगदी आदरानं. पोटच्या पोराला आई मास्तर म्हणते तेव्हा काय होतं ते मी लिहीत नाही, तू समजून घे. पण रोज दुपारी चारच्या सुमाराला ती ओट्यावर येऊन बसते आणि समोर जो असेल त्याला एकच विचारते, "लिहिलं का?" (विचारते आपल्या बोलीत, मी शाळेच्या मराठीत लिहितोय, खोड जात नाही.) काय लिहिलं, कोणी, कोणाला, हे विचारलं की ती नुसती बघत राहते. डॉक्टर म्हणाले, हो म्हणा आणि सोडून द्या. आम्ही हो म्हणायचो. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा तेच.

हे काकांच्या मर्विनच्या कानावर गेलं. मर्विन तुला आठवतो ना, लहानपणी आपल्या चिंचा पाडून आपल्यालाच विकायचा? त्याचं ठाम मत पडलं की पप्पांनी मृत्युपत्र लिहून कुठेतरी दडवलंय आणि आई त्याबद्दलच विचारते. (आपली वाडी आता नव्या रस्त्याला लागून आली आहे आणि भाव चढला आहे, त्यामुळे मर्विनचं आईवरचं प्रेम एकाएकी वाढलं आहे. दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर इस्त्रीच्या शर्टात येतो आणि भिंती ठोकून बघतो.) आमच्या जोआनाला मात्र मृत्युपत्राशी देणंघेणं नव्हतं. आजी रोज काहीतरी मागते आणि आपण तिला रोज खोटं उत्तर देतो, हे तिच्या मनाला लागलं होतं. म्हणून तिनं मला न विचारता 'अज्ञाताचा पंचनामा' नावाच्या कार्यक्रमाला अर्ज केला. त्यांचा एक खास भाग होता, 'घराण्याच्या हरवलेल्या आठवणी'. आमचं घर निवडलं गेलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी श्री. चंद्रहास आले. हे पॅरानॉर्मल डिटेक्टिव्ह आहेत. (भूतशोधक म्हटलेलं त्यांना चालत नाही, मी एकदा म्हणून पाहिलं.) एप्रिलच्या उकाड्यात काळं जाकीट, हातात टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र आणि त्याला लाल दिवा. सोबत संपदा नावाची दिग्दर्शिका आणि चार माणसं. त्यांना शूटिंग रात्रीच हवं होतं, पण आई आठला रोझरी झाली की झोपते, त्यामुळे दुपारीच उरकायचं आणि नंतर कॉम्प्युटरवर रात्र करायची असं ठरलं. श्री. चंद्रहास यांनी दिवाणखान्याच्या लादीवर यंत्र टेकवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, या जमिनीत दोनशे वर्षांचं दुःख मुरलंय. जीना म्हणाली, लादी दोन हजार अकरा साली विरारहून आणली, जुनं घर पाडलं तेव्हा. त्यावर ते म्हणाले, दुःख लादीतून वर येतं. मी त्यांना खुर्ची दिली, पाहुण्याची चूक त्याच्या तोंडावर काढायची नाही हे पप्पांनीच शिकवलंय.

पण एक गोष्ट त्या माणसानं शोधून काढली, ती मी मान्य करतो. हॉलमध्ये आपला जुना फोटो आहे बघ, पप्पा, आई आणि मी, एका कडेला जरा जास्तच रुंद अशी काळी चौकट. त्यांनी ती उतरवली, मागचे खिळे काढले, आणि आतून तू निघालीस. लाल पोलक्यात, हात कमरेवर. बाय, इतकी वर्षं मी समजत होतो की पप्पांनी तुला कापून टाकलं. कापलं नव्हतं. मागे दुमडून ठेवलं होतं, घडीवर डाग पडू नये म्हणून मध्ये बटर पेपरही घातला होता. मी ती घडी किती वेळ बोटानं चाचपत बसलो ते सांगत नाही.

श्री. चंद्रहास यांना मात्र जे हवं ते मिळालं. एक लपवलेली मुलगी, एक विहीर, आणि रोज चार वाजता "लिहिलं का" विचारणारी आई. त्यांनी तिथल्या तिथे तुला विहिरीत ढकललं. जीनानं तीनदा सांगितलं की ती कोल्हापुरात आहे, टेलिफोन ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं म्हणून घरात अबोला आहे, बाकी काही नाही. ते मंद हसून म्हणाले, सगळी कुटुंबं असंच सांगतात.

मग संपदाबाईंनी जुना प्रसंग उभा करायचा ठरवलं. पप्पा चारला केळीची पानं विकून सायकलवर परतायचे आणि वळणावर तीनदा घंटी वाजवायचे, म्हणजे आई चहाला आधण ठेवायची, हे जोआनानं त्यांना अर्जातच लिहून दिलं होतं. पप्पांचं काम मी करायचं होतं. साठीत सायकल, डोक्यावर त्यांची टोपी, मागे पानांचा भारा. (शेजारच्या वटार गावापर्यंत बातमी पोहोचली होती. कुंपणापलीकडे गर्दी जमली आणि माझ्या दोन विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांची नावं मी लक्षात ठेवली आहेत.) पहिल्या खेपेला चेन उतरली. दुसऱ्या खेपेला मी कुंपणावरच्या तुळशीवेलीत घुसलो. तिसऱ्या खेपेला नीट आलो आणि वळणावर तीनदा घंटी वाजवली.

आई ओट्यावरून उठली. दोन वर्षांत ती कोणी धरल्याशिवाय उठली नव्हती. आत गेली, जीनानं मांडलेला चहा स्वतः गाळला आणि पेला दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिनं मला पप्पाच समजलं. म्हणाली, "बायला लिहिलं का? क्रुसाच्या सणाला ये म्हणून? मी तिच्या वाट्याचे चणे काढून ठेवलेत." कॅमेरा चालू होता. मी म्हटलं, लिहितो. तर म्हणाली, असं किती वर्षं म्हणणार, राग गेला की लिहितो म्हणाला होतास. मग माझ्या गालाला हात लावला आणि चहा गार होतोय म्हणाली. श्री. चंद्रहास यांच्या यंत्राचा दिवा त्या वेळी लागला नाही. त्यांनी ते बंद करून खिशात ठेवलं आणि विहिरीकडे तोंड करून उभे राहिले.

तर मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. पप्पांनी तुला लिहायचं कबूल केलं होतं आणि ते राहून गेलं, एवढंच होतं. आई जेमतेम दुसरीपर्यंत शिकलेली, तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं.

गेल्या शनिवारी भाग दाखवला. चहाचा प्रसंग त्यात नाही. संपदाबाईंनी फोनवर माफी मागितली, चॅनेलच्या वरच्यांना त्यात भीती दिसली नाही. बाकी तेवीस मिनिटं विरारची लादी, आपली विहीर आणि तुझा फोटो, खाली 'एका बेपत्ता लेकीची अधुरी कहाणी'. रविवारी चर्चबाहेर अकरा जणांनी माझं सांत्वन केलं. पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनी तुझ्यासाठी रोझरी म्हटली, पन्नासच्या पन्नास मणी. मर्विन विहिरीभोवती टेप घेऊन फिरतोय.

म्हणून विनंती एवढीच की, तू हयात आहेस असं तुझ्या हातानं चार ओळी लिहून पाठव, म्हणजे त्या मी चॅनेलला आणि बायकांना दाखवीन. पप्पांचं राहिलेलं काम त्यांच्या वतीनं मी हे पत्र लिहून पुरं केलं असं समज.

तुझा धाकटा भाऊ,
सॅन्टन

ता. क. चार ओळी पाठवल्या नाहीस तरी चालेल. क्रुसाचा सण अकरा मेला, रविवारी आहे. संध्याकाळी सहाला क्रुसापुढे प्रार्थना, मग नेहमीसारखे सगळ्यांना चणे. दोघांनी यावं. अंथरुणं आहेत. पत्ता तुझ्या नाताळच्या शेवटच्या कार्डावरून घेतला आहे. तुझी सगळी कार्डं आईनं जपून ठेवली आहेत, वाचता येत नाहीत म्हणून चित्रं बघते.

ता. क. २. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. वर मी एक खोटं लिहिलं आहे. टीव्हीवाल्यांनाही तेच सांगितलं, जीनालाही. आईनं मला पप्पा समजलं नव्हतं. पेला पुढे करून ती आधी, मला एकट्यालाच ऐकू येईल इतक्या हळू, "सॅन्टन" म्हणाली. दोन वर्षांनी, बाय, माझं नाव. मग विचारलं, लिहिलं का.

पप्पांनी कधी काही कबूल केलं नव्हतं. त्यांच्या मातीला तू आलीस आणि कबरस्तानाच्या भिंतीपाशी उभी राहून परत गेलीस, ते मी पाहिलं होतं. पप्पांना जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्साला आईनं मला सांगितलं, तू मास्तर आहेस, बायला लिही, ये म्हणून. राग गेला की लिहितो असं मीच म्हणालो. राग दोन वर्षांत गेला. मग लाज वाटली. वाडीत तुझा वाटा निघेल अशी भीतीही वाटली, तेही लिहून टाकतो. वाटा आहेच, भीती आता नाही. सणाला आई दरवर्षी तुझे चणे डब्यात काढून फळीवर ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी आंबले की मी ते गुपचूप कोंबड्यांना घालायचो.

आज चारला ती बाहेर येईल. चणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, तेव्हा येणार असशील तर दहा तारखेच्या दुपारपर्यंत कळव. कळवलं नाहीस तरी मी तुझे भिजवणार आहे.