खाली उतरेपर्यंत फ्यूज खिशात

प्रिय बाबा,

मंगळवारी माझा पीएचडीचा व्हायवा झाला. पास झाले, नावापुढे डॉक्टर लागलं! पेढे वाटले, फोटो निघाले. आणि त्याच भरल्या खोलीत मी तुमच्याशी बेइमानी केली. ते पोटात राहीना, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही नेहमी विचारायचात, "पोरी, तू पुन्याले नेमकं करून काय राह्यली?" मी म्हणायचे, "कम्प्यूटरचं आहे, तुम्हाला नाही समजणार." काऊन असं म्हणायचे मी? खरं सांगू? लॅबमध्ये सगळ्यांसमोर 'मले-तुमाले' बोलायची लाज वाटायची, म्हणून फोन आटोपता घ्यायचे. एकदा तरी खडसवायचं होतं हो मला! तुम्ही आपलं "बरं बाई, जेवून घे" म्हणून मोकळे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत गावी उंद्रीला आले, ती पार रडकुंडीला येऊन. आईनेच बोलतं केलं, म्हणून तुम्हाला सांगितलं. दवाखान्यात पेशंटच्या शिरेत औषध सोडणारा पंप असतो, त्याच्या आत प्रोग्राम चालतो. प्रोग्रामचा एक भाग नळीतली हवा काढत असतो आणि तेवढ्यात दुसराच भाग पंप चालू करून टाकतो. माणूस जाऊ शकतो त्यात! अशी चूक लिहिताच येणार नाही, अशी प्रोग्रामची भाषा मला बनवायची होती. गाडं तिथेच रुतलं होतं.

तुम्ही चिवडा खात होतात. उभा जन्म वायरमनकीत गेलेला माणूस! म्हणालात, "त्यात काय हाय? म्या आंधी डीपीतले फ्यूज काढतो, खिशात घालतो, मंगच खांबावर चढतो. खालून सायेब बोंबलू दे नाईतर सरपंच, खाली उतरल्याबिगर फ्यूज कोनाले देत नाई. जीव ज्याचा वर, फ्यूज त्याच्याच खिशात."

मी नुसतं "हं" म्हणाले आणि उठले. परतताना चिखलीहून पुण्याच्या गाडीत बसले, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. माझी भाषा तशीच चालते, बाबा. जो भाग काम करतोय, परवानगी त्याच्याच हातात. त्याने ती परत दिल्याशिवाय दुसऱ्या भागात पंप चालू करायची ओळ लिहिली, तर प्रोग्राम तयारच होत नाही. माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण एवढंच आहे.

हे तुम्हाला सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं! मी म्हटलं, प्रबंध पुरा होऊ दे, मग निवांत सांगू. आणि या उन्हाळ्यात तुम्ही अंगणात बसल्या बसल्या गेलात. एवढी कसली घाई होती?

मंगळवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" तुमचं नाव अगदी ओठावर आलं होतं. पण समोर एवढी मोठी माणसं, 'वायरमन' म्हणायला जीभ रेटेना. म्हणाले, "वाचता वाचता सुचली, सर." त्यांनी कौतुकाने मान हलवली. मी हसलेसुद्धा.

काल आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "जायच्या आठ दिवस आंधी मले म्हनत होते, 'त्या दिवाळीले म्या पोरीले फ्यूजचं सांगतलं, ते तिच्या काही कामी पडलं असन का वं?' म्या म्हटलं, इचारा ना फोन करून. तर म्हने, राहू दे, कामात असन."

पडलं, बाबा. कामी पडलं.

उद्या सकाळी त्या परीक्षकांना मी फोन करणार आहे. चिठ्ठी नाही, मेल नाही, तोंडाने सांगणार. प्रबंधाची छापील प्रत विद्यापीठात जाईल ती तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला तुमचं नाव, गाव आणि हुद्दा घालूनच. आणि आईला समोर बसवून ते प्रकरण आपल्या बोलीत सांगेन, तिला समजेपर्यंत सांगेन. तुम्हाला तर विचारावंसं वाटलं तरी विचारू दिलं नाही मी.

तुमची,
मीना