सांदवाडी, बेण्याचा खड्डा आणि लोणच्याच्या सात बरण्या

मी, श्रीमती धुरपताबाई इश्वर पुस्तोडे, वय वर्षे चोपन्न, धंदा शेती व लोणचे, शिक्षण चौथी, राहणार मौजा कोसमटोली, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते.

माझे डोके ठिकाणावर आहे. मी कोणत्या औषधाच्या गुंगीत नाही. मला कोणी धमकावलेले नाही आणि धमकावील असा माणूस कोसमटोलीत अजून जन्मला नाही. लाखनीचे अर्जनवीस भूपेश यांनी एक कच्चा कागद लिहून दिला होता. त्यात नश्वर देह आणि मायेचा बाजार असे पुष्कळ होते. ते मी काढले. कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले, बाकी माझे आहे.

माझ्या पोटात गाठ आहे. येत्या तेवीस तारखेला नागपूरला ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी चित्र काढून समजावले. मी बरं म्हटले. रक्षा बाहेर जाऊन रडली. मला रडू आले नाही. मला साडेतीन वर्षांपासून काहीच येत नाही, म्हणून याला कोणी हिंमत म्हणू नये.

कलम १. माझी माणसे

माझे पती इश्वर अकरा वर्षांपूर्वी काविळीने वारले. माझा एकुलता मुलगा मंगेश वरठीला कारखान्यात कामाला होता. सात ऑक्टोबर २०२२ रोजी पाळी संपवून मोटरसायकलने घरी येताना लाखनीच्या अलीकडे उभ्या ट्रकला मागून धडकला. वय एकोणतीस. आता मला सून रक्षा, वय अठ्ठावीस, आणि नात नीतू, वय पाच, एवढ्या दोघी आहेत. दीर तुलाराम आणि जाऊ सुंदरबाई शेजारी राहतात, पण ते माझे वारस नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण त्यांना ते माहीत नाही.

कलम २. घर

दोन खोल्या, ओसरी, कवेलूचे छप्पर, नळ. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर माझे नाव आहे. हे घर मी रक्षाला देते.

रक्षाच्या माहेरच्यांनी तुमसरला एक स्थळ पाहिले आहे. माणूस राईस मिलमध्ये आहे, बायको वारलेली, बोलायला शांत आहे म्हणतात. रक्षाने हो म्हटलेले नाही आणि नाही पण म्हटलेले नाही. ही गोष्ट तुलारामच्या कानावर गेली तेव्हा तो माझ्या ओसरीत येऊन बसला.

"वैनी, पोरगी दुसऱ्याच्या घरी गेली तं हे घर पुस्तोड्याचं राहाते का? नाव तं राहाले पाहिजे ना."

मी म्हटले, "नाव कवेलूवर लिहून ठेव. पानी गळते तिथंच लिहिजो."

"मी सरळ बोलून राहिलो."

"मीही सरळच बोलून राहिली. चहा पेत असशील तं पे, नाही तं ऊठ."

चहा पिऊन गेला. जाताना दारात उभ्या रक्षाला म्हणाला, "लगन केलंस तं या उंबऱ्यात पाय ठेवू नको." घर माझे, उंबरा माझा, आणि हा सांगणार.

म्हणून स्पष्ट लिहिते. रक्षाने लग्न केले, नाही केले, तुमसरला गेली, परत आली, नवऱ्याला इथे घेऊन आली, तरी घर तिचे. तिच्या मागे नीतूचे. पुस्तोडे नाव राहो की न राहो. ज्याच्या अंगावर हे नाव शोभत होते तो गेला.

कलम ३. तुलाराम

आमच्या दोन घरांमधली भिंत २००९ साली पडली. मी माहेरी होते. परत आले तेव्हा नवी भिंत उभी होती, आणि ती माझ्या अंगणात एक हात पुढे आली होती. तुलाराम म्हणाला पाया तिथेच लागला. ती एक हात जागा त्याने घेतलीच आहे. तोच त्याचा वाटा समजावा. आणखी काही देणे नाही.

कलम ४. अडकित्ता, बरण्या आणि लोणचे

कैरी फोडायचा मोठा अडकित्ता, लाकडी पाटासह, रक्षाला. चिनीमातीच्या सात बरण्या रक्षाला. सातवीचा कान तुटला आहे, तिच्यात तेल जास्त घालावे लागते.

माझे लोणचे वर्षभर कडक राहते. हायवेवरचे ट्रकवाले गाडी थांबवून मागतात. मंगेश चुलीत भाजलेल्या आलूबरोबर ते कडाकडा खायचा आणि म्हणायचा, "वाजलं पाहिजे आई, नाही तं कायचं लोनचं." ते कसे वाजते हे मी कोणाला सांगितले नाही. रक्षालाही नाही. तिला मी फक्त बरण्या उचलायला लावल्या. आता लिहिते.

आवळ्याएवढा पानाचा चुना एक गुंड, म्हणजे घागरभर, पाण्यात घोळून संध्याकाळी ठेवून द्यावा. सकाळपर्यंत चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी तेवढे हलक्या हाताने काढावे, खालचा गाळ टाकून द्यावा. कैरी सकाळची तोडलेली पाहिजे, आत कोय धरलेली. फोडी त्या निवळीत दोन तास ठेवाव्या. मग तीन पाण्यांनी धुवाव्या. दोन नाही, तीन. सुती लुगड्यावर सावलीत पसरवाव्या, उन्हात नाही. मूठभर उचलून खाली सोडल्या की खडखडल्या पाहिजेत. मग मीठ, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट. जवसाचे तेल कडवून पूर्ण गार करून घालावे. गरम घातले तर सगळी मेहनत शिजते.

सुंदरबाईने एकदा चोरून पाहिले आणि घरी जाऊन फोडींना चुनाच चोळला. आठ दिवस त्यांच्या घरात कोणी तोंड उघडून बोलत नव्हते. ते आठ दिवस फार चांगले गेले. सुंदरबाईला दरवर्षी एक लहान बरणी लोणचे द्यावे. कृती देऊ नये.

कलम ५. सांदवाडी आणि बेणे

घरामागची सांदवाडी, म्हणजे भाजीपाल्याची लहान जागा, सातबारावर माझे नाव, विहिरीतल्या अर्ध्या हिश्श्यासह आणि कोयीच्या आंब्यासह, रक्षाला देते. यात धान होत नाही. यात आलू होतात, आणि ते मी केले.

माझ्या आईने मला बाळंतपणानंतर माहेरून निघताना एक टोपली लाल आलू दिले. खायला नाही, लावायला. तेव्हा गावात सगळे म्हणत, आपल्याकडचा उन्हाळा बेणे ठेवत नाही, ते बाजारातूनच आणावे लागते. मी मार्चमध्ये काढलेले बेणे दिवाळीपर्यंत टिकवून दाखवले. एक साल नाही, एकोणतीस साल. मंगेश जेवढ्या वयाचा, तेवढेच ते बेणे.

मंगेशच्या तेरवीनंतर चौथ्या दिवशी मी मागच्या खोलीतला बेण्याचा खड्डा उघडला. रिकामा होता. सगळे बेणे तेरवीच्या भाजीत गेले होते. सुंदरबाई म्हणाली, "रक्षानं काढून देल्लन. मी डोळ्यानं पाह्यलं." मी रक्षाला अंगणात उभे करून जे बोलायचे ते बोलले. ती मान खाली घालून उभी होती, कडेवर नीतू होती. अर्धे गाव ऐकत होते. नंतर बायका बोलल्या की पोरगा गेला तेव्हा हिचा आवाज निघाला नाही, आलूसाठी केवढा निघाला. खरे आहे.

त्यानंतर तीन वर्षे मी रक्षाशी जेव, ठेव आणि आण एवढेच बोलले.

ती मात्र तिचे करत होती. आलूच्या झाडाला कधीमधी लहान टमाट्यासारखी हिरवी फळे लागतात. आमच्याकडे फार क्वचित. मंगेश होता त्या शेवटच्या हंगामात थंडी लांबली आणि चार-दोन झाडांना ती लागली. ती विषारी असतात. नीतू रांगत होती, तिने एक तोंडात घालायला उचलले, तर मंगेशने सगळी तोडून स्वतःच्या खिशात टाकली. शर्ट धुताना रक्षाला ती सापडली. तिने ती कुस्करून बी धुतले, कागदावर वाळवले आणि काडीपेटीत ठेवले. का ठेवले, तिलाही माहीत नाही म्हणते.

तेरवीच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तिने तेलाच्या डब्यात चाळलेली माती भरून ते बी टाकले. तिळाहून बारीक. मी म्हटले, "डब्यात गवत लावून राहिली का?" तिने वरून पाणी शिंपडले. बोटभर रोपे झाल्यावर तिने ती वाफ्यात लावली. मार्चमध्ये खाली निघाले ते बोराएवढे, काही वाटाण्याएवढे. कोणी लाल, कोणी पांढरा, एक जांभळा. बियाचे आलू असेच निघतात, एकाच फळातले असून एक दुसऱ्यासारखा नाही. पहिल्या वर्षी ते खायचे नसतात, तेच बेणे म्हणून ठेवायचे असतात.

तिने ते खड्ड्यात ढीग करून ठेवले. ढीग केला की सडते हे मला माहीत होते. मी रोज तिथून जात होते. मी बोलले नाही. गणपतीपर्यंत अर्ध्याहून जास्त सडले. उरले ते एका सुपात मावले. तिने तेच लावले. दुसऱ्या वर्षी ढीग केला नाही, पण दाराला ओले पोते लावायचे तिला माहीत नव्हते. तेव्हाही मी बोलले नाही. हे माझ्यावर लिहून घ्यावे.

मागच्या दिवाळीत बायाबाई मासोळ्या द्यायला आली. ती तलावात मासे धरते, माझ्या लग्नाच्या वर्षापासूनची मैत्रीण आहे. मी तिला म्हटले, "आज माझं बेनं असतं तं पाहाले पाहिजे होतं. त्या पोरीनं भाजीत घातलन."

बाया टोपली खाली ठेवून म्हणाली, "कोन्या पोरीनं?"

"रक्षानं. आनखी कोनं?"

"धुरपता, तुले खरंच आठवत नाही का वं?"

मग तिने सांगितले. तेरवीला दुसरी पंगत बसली आणि भाजी सरली. बाया माझ्याजवळ बसून लसूण सोलत होती. रांधणारा येऊन म्हणाला खड्ड्यात आलू आहेत म्हणतात, काढू का. रक्षा मधे पडली आणि मला म्हणाली, "मामीजी, ते बेनं होय." मी म्हटले, "काढ सगळे." ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हटले, "काढ. कोनाले लावाचे आहेत आता?" तेव्हा तिने काढून दिले.

मला यातले एक अक्षर आठवत नाही. पण शब्द माझे आहेत, मी ते ओळखले.

बाया गेल्यावर मी रक्षाजवळ जाऊन बसले. ती तांदूळ निवडत होती.

"काहून सांगतलं नाहीस?"

मी काय म्हणते ते तिला लगेच समजले. हात थांबवला नाही. म्हणाली, "सांगून काय होत होतं, मामीजी? तुमाले भांडाले काही तरी लागत होतं. नाही तं तुमी भिंतीले टेकून बसूनच राहात होत्या."

मी उठले आणि बकरीला पाणी पाजले. दुसऱ्या दिवशी वाफ्यात तिच्या बाजूला बसून सऱ्या ओढल्या. या फेब्रुवारीत आलू निघाले. लाल जास्त, पांढरे कमी, जांभळे थोडे. माझ्या आईने दिलेल्यासारखा एकही नाही. मी प्रत्येक उचलून पाहिला. चांगले आहेत.

मी रक्षाची माफी मागितलेली नाही. ते मला येत नाही. हा कागद त्या जागी धरायचा की नाही, ते तिने ठरवावे.

कलम ६. खड्ड्याची रीत

खड्डा रक्षाचा. रीत अशी. तळाला चार बोटे नदीची कोरडी रेती. बेणे अंड्याएवढे निवडावे, मोठे विकावे. एक थर, मग रेती, मग कडुनिंबाचा पाला, मग दुसरा थर. एकाला एक लागू देऊ नये. दर आठ दिवसांनी उघडून नाकाने तपासावे, डोळ्याने नाही. वास आधी येतो. मे महिन्यात खोलीच्या दाराला ओले पोते, दुपारी दोनदा भिजवायचे. पाणी पोत्याला, खड्ड्याला नाही. मोड आले तर घाबरू नये.

तुमसरला गेली तर बेणे सोबत न्यावे. खड्डा कुठेही खणता येतो.

कलम ७. बाकीचे

बँकेत जे असेल ते नीतूच्या शिक्षणाला. कानातले नीतूला. बकरी बायाबाईला द्यायची होती, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असे भूपेश म्हणाले. म्हणून बकरी रक्षाला. तिने पुढे कोणाला दिली तर मी विचारायला येणार नाही. मंगेशचा तो शर्ट पेटीत आहे. त्याचे काय करायचे ते मला सुचत नाही. तसाच राहू द्यावा.

कलम ८. माझी तेरवी

करायचीच असेल तर लहान करावी. भात, वरण, वांग्याची भाजी, आणि लोणच्याची पहिली बरणी पूर्ण वाढावी. रक्षाला चुलीपाशी उभे करू नये, तिने पहिल्या पंगतीत बसून जेवावे. आलूची भाजी करायची नाही. खड्ड्याच्या खोलीला कुलूप घालून चावी रक्षाच्या कमरेला असावी. भाजी सरली आणि सुंदरबाई किंवा कोणीही आलू मागायला आले, तर रक्षाने त्यांना सांगावे की आलू आहेत, पण लावाचे आहेत.

ऑपरेशनातून मी परत आले, तर हा कागद पेटीत ठेवावा आणि मे महिन्यात मला कैऱ्या फोडायला बसवावे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरचे सर्व मी लिहिले, मोठ्याने वाचले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या समोर सही व अंगठा केला.

लिहून ठेवणार:
(सही) धुरपताबाई इश्वर पुस्तोडे

साक्षीदार १: (सही) घनश्याम लांजेवार, सेवानिवृत्त पोस्टमन, राहणार कोसमटोली

साक्षीदार २: (डाव्या हाताचा अंगठा) बायाबाई मेश्राम, धंदा मासेमारी, राहणार कोसमटोली. कलम पाच ऐकून त्या म्हणाल्या की झाले ते असेच झाले.

स्थळ: कोसमटोली, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा
दिनांक: १४ मार्च २०२६